दोन रुपयांची पट्टी आणि पत्र्यात उतरलेली वीज

मृगाचा पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. दापोलीकडे खाडीकाठी असलेल्या खालाच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. जरा ऊन पडले म्हणून खाला धुतलेल्या चादरी घेऊन परसात गेली. कपडे वाळत घालायच्या तारेला तिचा हात लागला मात्र, आणि "या अल्लाह!" असे ओरडून ती मागे कोलमडली. पायांत रबरी चपला होत्या आणि हात तारेवर धरला गेला नाही, म्हणून ती वाचली. हात मात्र दिवसभर बधिर होता.

गल्लीतल्या वायरमन चाचांना बोलावले. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला, मग कपड्यांच्या तारेपासून मागे मागे जात परसातल्या न्हाणीघराशी थांबले. घरातून न्हाणीघरातल्या दिव्यासाठी एक वायर नेली होती. ती पत्र्याखालच्या लोखंडी पाइपाला पांढऱ्या केबल टायनी बांधलेली होती. दोन वर्षांचे ऊन खाऊन ते टाय मोडले होते. सुटलेली वायर वाऱ्याने हलत राहिली, पत्र्याच्या कापीव कडेवर घासली आणि आतले तांबे उघडे पडले. पाऊस येताच पत्रा, पाइप आणि पाइपाला बांधलेली कपड्यांची तार, सगळ्यांत वीज उतरली.

चाचांनी एक उरलेला टाय बोटांत धरून वाकवला. तो जुन्या पापडासारखा मोडला. "ही पट्टी कोणी आणली?" त्यांनी विचारले.

ते पाकीट मीच आणले होते. टीव्हीच्या मागच्या वायरी आवरायला घेतले होते. त्यातले उरलेले टाय न्हाणीघरासाठी वापरले. पांढरा रंग भिंतीवर छान दिसतो, एवढाच विचार मी केला होता.

पावसाळ्यात कपड्यांच्या तारेत किंवा पत्र्यात वीज उतरून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्यामागे कधी कधी अशीच एखादी क्षुल्लक वस्तू असते. म्हणून चाचांकडून त्या दिवशी जे शिकले आणि पुढे स्वतः तपासून पाहिले, ते इथे सांगते.

पट्टी आली कुठून?

केबल टायचा जन्म विमानाच्या कारखान्यात झाला. विमानात हजारो वायरींचे जुडगे असतात. पूर्वी ते मेण लावलेल्या नायलॉनच्या दोरीने हाताने बांधत. दोरी बोटांना गुंडाळून गाठ आवळताना कामगारांचे हात सोलून निघत. अमेरिकेतल्या थॉमस अँड बेट्स या कंपनीत काम करणाऱ्या मॉरस लोगन यांनी १९५६ मध्ये बोइंगच्या कारखान्यात हे पाहिले आणि १९५८ मध्ये एका ओढीत आवळणाऱ्या पट्टीचे पेटंट मागितले. आजच्या टायमध्ये दातेरी पट्टी डोक्यातल्या फटीतून पुढे सरकते. आतला खटका दात अडवून ठेवतो आणि तिला मागे येऊ देत नाही.

चांगला टाय 'नायलॉन ६६' या प्लास्टिकचा असतो. हे प्लास्टिक हवेतला ओलावा थोडा शोषून घेते आणि त्यामुळेच लवचिक राहते. पाकीट उघडे टाकून कोरड्या उन्हाळ्यात खिडकीत ठेवले, तर नवा टायही आवळताना तुटतो. म्हणून उरलेले टाय पिशवीत घट्ट बंद करून कपाटात ठेवावेत.

पांढरा घरात, काळा उन्हात

सूर्याच्या अतिनील किरणांनी साधे नायलॉन ठिसूळ होते. पांढरा टाय घरातल्या कामासाठी ठीक आहे. गच्ची, पत्रा, अंगण, डिशची केबल, पाण्याच्या टाकीवरचा पंप या ठिकाणी काळा टाय हवा. त्या काळ्या रंगात काजळीसारखा कार्बन मिसळलेला असतो आणि तो किरणांना आत शिरू देत नाही.

मात्र सगळेच काळे टाय उन्हाचे नसतात. काही नुसतेच काळे रंगवलेले असतात. पाकिटावर 'यूव्ही' असे लिहिलेले आहे का ते पाहावे. आणि असा टायही कायमचा नसतो. दर पावसाळ्याआधी एकदा बोटाने वाकवून पाहावा लागतो.

उन्हाखेरीज नायलॉनचे आणखी दोन शत्रू आहेत. एक उष्णता. साधा टाय साधारण ८५ अंशांपर्यंतच्या कामाचा असतो, म्हणून गीझरच्या गरम नळाला किंवा शेगडीच्या मागे तो बांधू नये. दुसरा शत्रू आम्ल. इन्व्हर्टरच्या बॅटरीत गंधकाम्ल असते आणि फरशी धुण्याच्या अॅसिडमध्ये मीठाम्ल. दोन्ही नायलॉनला खातात. बॅटरीच्या झाकणाला टेकून किंवा न्हाणीघराच्या फरशीलगत टाय ठेवू नये.

किती लांब, किती रुंद?

दुकानात टाय लांबी आणि रुंदीच्या मिलिमीटरवर मिळतात. लांबीसाठी सोपा उपाय म्हणजे वायरींच्या जुडग्याभोवती दोरा गुंडाळून मोजणे. जेवढा दोरा भरेल त्यात चार-पाच सेंटिमीटर मिळवावेत, म्हणजे ओढायला शेपूट राहते. १०० मिलिमीटरचा टाय साधारण दोन सेंटिमीटर जाडीच्या जुडग्याला पुरतो, १५० चा साडेतीनच्या आणि २०० चा पाचच्या. जाड जुडग्याला ३०० चा घ्यावा.

ताकद रुंदीवर ठरते. अडीच मिलिमीटर रुंदीचा टाय सुमारे ८ किलोची ओढ सोसतो, ३.६ चा सुमारे १८ किलोची आणि ४.८ चा सुमारे २२ किलोची. टीव्ही, राउटर, चार्जर यांना अडीच पुरे. गच्चीवरच्या कामाला ४.८ घ्यावा, रुंद पट्टी उन्हातही जास्त टिकते.

हे आकडे नव्या टायचे आहेत. त्यावर भरवसा ठेवून टायला काहीही टांगू नये. टायचे काम वायर जागेवर ठेवण्याचे आहे, वजन पेलण्याचे नाही. एका घरातून दुसऱ्या घरात अधांतरी वायर न्यायची असेल, तर वजन पेलायला स्वतंत्र तार आणि चिनी मातीचे गुट्टे लागतात आणि ते काम जाणत्या वायरमनचे आहे.

विकत घेताना एक टाय काढून पूर्ण दुमडून पाहावा. चांगला टाय तडकत नाही. मग अडकवून जोरात उलटा ओढावा; खटका सरकता कामा नये. टाकाऊ प्लास्टिक पुन्हा वितळवून केलेले स्वस्त टाय याच दोन परीक्षांत उघडे पडतात.

भिंतीला धरायचे कशाने?

टाय वायरींना एकत्र बांधतो, पण त्या जुडग्याला भिंतीवर धरायला बेस लागतो. इथेच जास्त चुका होतात.

मागे चिकटपट्टी असलेला चौकोनी बेस सगळ्यांना आवडतो, कारण भोक पाडावे लागत नाही. तो लाकडी कपाट, सनमायका, टाइल किंवा ऑइलपेंटवर चांगला बसतो. चुन्यावर, डिस्टेंपरवर किंवा ओल आलेल्या भिंतीवर तो महिनाभरही टिकत नाही. गोंद रंगाला चिकटतो आणि रंगच भिंत सोडतो. बसवण्याआधी जागा स्पिरिटने पुसून कोरडी करावी, बेस अर्धा मिनिट दाबून धरावा आणि वायर दुसऱ्या दिवशी बांधावी. मधे स्क्रूचे भोक असलेला बेस मिळाला, तर तोच घ्यावा आणि स्क्रूही मारावा.

विटांच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडून गिट्टी ठोकावी आणि स्क्रूचा बेस बसवावा. एकटी वायर असेल, तर खिळ्याची साधी क्लिप स्वस्त आणि मजबूत. आडव्या वायरीला दर फुटावर एक आधार असावा. कोकणात खाऱ्या हवेने साधा स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतो, म्हणून बाहेर स्टेनलेस स्टीलचाच वापरावा.

बाजारात स्टीलचेही टाय असतात. ते पाइपाला ठीक, पण त्यांची धार वायरीचे आवरण कापू शकते. वायरीला बांधायचाच असेल, तर प्लास्टिकचा लेप असलेला घ्यावा.

आवळा, पण गळा दाबू नका

टाय बसल्यावर वायर बोटाने किंचित फिरली पाहिजे. पक्कडीने ओढून आवळला, की आवरणात खाच पडते आणि तिथेच पुढे दोष निघतो. उरलेले शेपूट कटरने डोक्याशी सपाट कापावे. तिरके कापले तर टोक सुरीसारखे लागते आणि लहान मुलांचे हात फाटतात.

राउटरच्या नेटवर्क केबलला नायलॉनचा टाय नकोच. आतल्या पिळलेल्या तारा दाबल्या, की वेग पडतो. तिथे वेल्क्रोची पट्टी वापरावी. फायबरची बारीक केबल तर कधीच कोनात मोडू नये; बशीएवढे वेटोळे करून सैल ठेवावी.

नीटनेटकेपणाच्या हौसेत एक धोका असतो. वीज वाहणारी प्रत्येक वायर थोडी तापते. फ्रिज, इस्त्री, गीझर यांच्या वायरी एकत्र घट्ट बांधल्या, की ती उष्णता बाहेर जात नाही. एक्स्टेन्शनची लांब वायर गुंडाळून टाय मारून त्यावर इस्त्री लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. जास्त वीज खाणाऱ्या वायरी सुट्याच ठेवाव्यात. आणि गॅसच्या रबरी नळीला विजेची कोणतीही वायर बांधू नये.

वायरीचा जोड टायने झाकू नये. उघडा जोड हा टायचा नव्हे, जोडपेटीचा विषय आहे.

ईदची रोषणाई आणि गच्चीवरचे सोलर

ईदला घरावर किंवा मोहल्ल्यात दिव्यांच्या माळा लागतात. चार दिवसांच्या कामाला पुन्हा उघडता येणारे टाय घ्यावेत. त्यांच्या डोक्याशी दाबायची कळ असते. कापण्याची गरज नाही आणि कापताना माळेची वायर तुटण्याचे भयही नाही. मात्र माळ लोखंडी गेटला, ग्रिलला किंवा विजेच्या खांबाला बांधू नये. कोरडे लाकूड किंवा प्लास्टिकचा पाइप बरा.

२०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून गच्चीवर सोलर बसवणारी घरे वाढली आहेत. पॅनेल पंचवीस वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते, पण त्याखालच्या वायरी धरणारा साधा टाय काही वर्षांतच मोडतो. मग वायर पॅनेलच्या अॅल्युमिनियम कडेवर घासते. मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलपासूनच्या वायरीत वीज असतेच. म्हणून बसवतानाच कारागिराला विचारावे, की वायरी कशाने धरल्या आहेत? पॅनेलच्या चौकटीला बसणाऱ्या स्टीलच्या क्लिपा असतील तर उत्तम.

खालाच्या परसात

चाचांनी न्हाणीघराची वायर बदलली. या वेळी ती प्लास्टिकच्या पाइपातून नेली आणि पाइप स्टीलच्या स्क्रूंनी भिंतीला धरला. जिथे टाय लागले तिथे काळे, रुंद आणि यूव्हीचे लावले. कपड्यांची लोखंडी तार काढून दोन लाकडी खांबांमध्ये नायलॉनची दोरी बांधली.

शेवटी त्यांनी मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. मी विचारले, "चाचा, एमसीबी तर होता ना?" ते म्हणाले, "बेटा, एमसीबी वायरीला वाचवतो. माणसाच्या अंगातून जाणारी वीज एवढी थोडी असते, की त्याला ती कळतही नाही. हा नवा खटका तेवढ्यावरच पडतो. दर तीन महिन्यांनी यावरचे टेस्टचे बटण दाबून बघायचे."

मी आणलेल्या त्या पांढऱ्या टायचे पाकीट खालाने फेकून दिले नाही. ते टीव्हीच्या कपाटात ठेवले आहे आणि त्यावर स्केचपेनने लिहिले आहे: 'फक्त घरात'. काळ्यांचे पाकीट वेगळ्या डब्यात आहे. आता मे महिना संपत आला, की तिचा फोन येतो, "सुट्टीला येतेस ना? परसातले टाय वाकवून बघायचे आहेत."