काचेतल्या बाळाची शू मोजताना

जन्मतः न रडलेल्या बाळाला प्राणवायू कमी पडू शकतो. प्राणवायू कमी पडला की शरीर मेंदूकडे आणि हृदयाकडे रक्त वळवतं आणि मूत्रपिंडांचा वाटा कापतं. त्यामुळे अशा बाळात मूत्रपिंडाला इजा होणं मुळीच दुर्मीळ नाही. रक्तात जंतुसंसर्ग झालेलं, हृदयाची शस्त्रक्रिया झालेलं किंवा फार कमी दिवसांचं बाळही याच धोक्यात असतं.

हा धोका केवढा, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अवेकन’ अभ्यासाने दाखवलं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारत इथल्या २४ अतिदक्षता विभागांतल्या दोन हजारांहून अधिक नवजात बाळांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. सुमारे ३० टक्के बाळांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. त्यांतलं दहामागे जवळजवळ एक दगावलं, तर इजा नसलेल्यांत शंभरामागे एखाददुसरं. इजा झालेली बाळं मुळात जास्त आजारी होती, हे खरं. पण तो फरक हिशेबात धरूनही मृत्यूचा धोका जास्तच राहिला.

मग ही इजा वेळीच दिसत का नाही?

मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज आपण रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून घेतो. पण जन्मलेल्या बाळाच्या रक्तातलं क्रिएटिनिन असतं आईचं, नाळेतून आलेलं. पूर्ण दिवसांच्या बाळात ते एकदोन आठवड्यांत उतरत जातं. कमी दिवसांच्या बाळात आधी थोडं चढून मग सावकाश उतरतं. म्हणजे पहिल्या दिवसांत एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. समजा, तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन ०.५ होतं आणि पाचव्या दिवशी ०.९ झालं. अहवालावर प्रौढांची मर्यादा छापलेली असेल तर ०.९ पुढे ‘नॉर्मल’ लिहिलेलं येईल. प्रत्यक्षात दोन दिवसांत ०.३ची वाढ किंवा आधीच्या सर्वांत कमी आकड्याच्या दीडपट वाढ ही नवजातांसाठी इजेची खूण मानली जाते. या बाळाने दोन्ही मर्यादा ओलांडल्या आहेत. म्हणून माझा आग्रह आहे की क्रिएटिनिनचे सगळे आकडे तारखेसह एकाखाली एक लिहावेत. जे उतरायला हवं ते उतरत नसेल, तर तेवढ्यानेही डॉक्टरांनी सावध व्हावं.

कावीळ इथे आणखी घोटाळा करते. अनेक प्रयोगशाळांत अजूनही क्रिएटिनिन मोजायला पिक्रिक आम्लाची जुनी, याफेची पद्धत वापरतात. रक्तात बिलिरुबिन वाढलेलं असेल तर त्या पद्धतीत क्रिएटिनिन खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतं. विकरावर आधारलेली चाचणी जास्त भरवशाची.

राहिली शू. लंगोट कोरडा असताना आणि ओला झाल्यावर वजन करायचं. एका ग्रॅमचा फरक म्हणजे साधारण एक मिलिलिटर. दर किलोमागे तासाला एक मिलिलिटरपेक्षा कमी शू दिवसभर होत राहिली, तर ती इजेची खूण. दीड किलोच्या बाळाला हा हिशेब २४ तासांत ३६ मिलिलिटर एवढा येतो. वॉर्मरच्या उष्णतेत ओलावा उडून जातो, म्हणून लंगोट लगेच तोलावा लागतो. एकेका सिस्टरकडे कितीतरी बाळं असताना हे सांभाळणं किती जिकिरीचं आहे, याची कल्पना आहे. तरीही जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात वजनकाटा असतो आणि ही नोंद तिथे ठेवता येते.

मात्र शू भरपूर होते म्हणून निर्धास्त राहू नये. जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकाने झालेल्या इजेत शू अनेकदा नेहमीसारखी होत राहते आणि क्रिएटिनिन मात्र चढतं. दोन्ही पाहावं लागतं.

क्रिएटिनिन मुळात उशिरा चढतं, म्हणून त्याआधी इशारा देणाऱ्या खुणांचा शोध चालू आहे. २००५ साली सिनसिनाटीच्या संशोधकांनी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली ७१ मुलं तपासून दाखवलं की मूत्रपिंडाला इजा झालेल्यांत ‘एनगॅल’ हे प्रथिन लघवीत दोन तासांत वाढतं. क्रिएटिनिन वाढायला त्यानंतर एक ते तीन दिवस लागले. मोठीच आशा होती ती. पण कमी दिवसांच्या बाळात हे प्रथिन मुळातच जास्त असतं आणि जंतुसंसर्गातही वाढतं. अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस या चाचणीला मुलांसाठी मान्यता दिली, तीही तीन महिन्यांपुढच्याच.

लवकर कळलं तर करता येण्यासारखं बरंच असतं. जेंटामायसिनच्या दोन डोसांमधलं अंतर वाढवता येतं, इबुप्रोफेनसारखं औषध टाळता येतं, सलाईनचा हिशेब रोजच्या वजनाशी जुळवता येतो. अमेरिकेतल्या अलाबामात मूत्रपिंडाला घातक औषधं एकत्र किंवा बरेच दिवस चालू असलेल्या नवजातांचं क्रिएटिनिन रोज तपासायला सुरुवात केली आणि अनावश्यक औषधं थांबवली. तिथे इजेचं प्रमाण घटलं.

आईवडिलांसाठी एक गोष्ट. मूत्रपिंडातले सूक्ष्म गाळणारे भाग, म्हणजे नेफ्रॉन, गर्भाच्या साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात. नंतर गमावलेले परत मिळत नाहीत. म्हणून बाळ घरी नेताना डिस्चार्ज कार्डावर मूत्रपिंडाच्या इजेची आणि शेवटच्या क्रिएटिनिनची नोंद मागून घ्या. पुढे लसीकरणाला किंवा तपासणीला जाल तेव्हा ते कार्ड डॉक्टरांना दाखवा आणि बाळाचा रक्तदाब मोजायला सांगा. एवढ्या लहान मुलाचा रक्तदाब सहसा कुणी आपणहून पाहत नाही.