किम जू-यॉलचा मृत्यू आणि कोरियातील एप्रिल क्रांती

१९६० साली दक्षिण कोरियात झालेल्या सत्तांतराचा विचार करताना किम जू-यॉल या शाळकरी मुलाच्या मृत्यूचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. परंतु त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ चार आठवडे राजसत्ता टिकून राहिली आणि त्याचे प्रेत सापडल्यावर अवघ्या पंधरवड्यात ती कोसळली, हा कालक्रम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे.

सिंगमन ऱ्ही हे १९४८ पासून राष्ट्राध्यक्षपदावर होते. १५ मार्च १९६० च्या निवडणुकीपूर्वी महिनाभर त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी चो ब्याँग-ओक अमेरिकेत निवर्तले. त्यामुळे खरी चुरस उपाध्यक्षपदापुरती उरली. ऱ्ही यांचे वय पंचाऐंशीच्या घरात असल्याने, आणि अध्यक्षांच्या पश्चात उपाध्यक्षाने सूत्रे हाती घ्यावयाची असल्याने, या पदाला असाधारण महत्त्व होते. १९५६ साली ते विरोधी पक्षाकडे गेले होते. या वेळी ते मिळविण्यासाठी सरकार पक्षाने मतपेट्या आगाऊ भरून ठेवण्यापर्यंत मजल गाठली. मासान या बंदराच्या शहरी त्याच दिवशी लोक रस्त्यावर उतरले व पोलिसांनी गोळीबार केला.

नामवोनहून मासानच्या वाणिज्य विद्यालयात प्रवेश घेण्यासाठी आलेला जू-यॉल त्या रात्री नाहीसा झाला. त्याची आई शहरभर त्याचा शोध घेत राहिली. सरकारने मात्र या दंगलीमागे साम्यवाद्यांचा हात असल्याचा संशय व्यक्त केला. ११ एप्रिल रोजी बंदरातील पाण्यावर त्याचे प्रेत तरंगताना आढळले. त्याच्या डोळ्यात अश्रुधुराचे नळकांडे रुतलेले होते.

या पुराव्याचे स्वरूप निर्णायक होते. बंदुकीची गोळी कोणी झाडली याविषयी वाद घालता येतो. अश्रुधुराची नळकांडी केवळ पोलिसांपाशीच होती. शिवाय प्रेत दगड बांधून समुद्रात टाकण्यात आले होते. म्हणजे एका हत्येबरोबरच ती दडविण्याचा प्रयत्नही उघडकीस आला, आणि निवडणुकीविषयीच्या सरकारी ग्वाहीवरील उरलासुरला विश्वासही नष्ट झाला. वृत्तपत्रांत छायाचित्र प्रसिद्ध होताच मासानचा स्थानिक क्षोभ राष्ट्रव्यापी झाला.

१९ एप्रिल रोजी सोलचे विद्यार्थी अध्यक्षीय निवासस्थानावर चालून गेले. पोलिसांच्या गोळीबारात अनेकजण ठार झाले. संपूर्ण आंदोलनातील मृतांची संख्या सुमारे १८६ मानली जाते. २५ एप्रिलला विद्यापीठीय प्राध्यापकांनीही मोर्चा काढला आणि दुसऱ्या दिवशी ऱ्ही यांनी पदत्याग जाहीर केला.

या क्रांतीचे फळ अल्पजीवी ठरले. १६ मे १९६१ रोजी लष्कराने सत्ता बळकाविली. तथापि १९८७ च्या राज्यघटनेच्या सरनाम्यात १९ एप्रिलच्या लोकशाही आदर्शांचा निर्देश आहे, आणि २०२३ साली या क्रांतीची कागदपत्रे युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत समाविष्ट झाली. जू-यॉलचा मृत्यू ज्यांनी अज्ञात ठेवू पाहिला, त्यांच्याच कृतीमुळे तो राष्ट्राच्या इतिहासाचा भाग बनला, असा निष्कर्ष या घटनाक्रमातून निघतो.