उसाचा काटा आणि जावा ८

सकाळी ९. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून फोन. "मॅडम, स्क्रीन येते, पण गाडी काट्यावर चढली की लाल अक्षरं दिसतात." गळीत हंगाम ऐन भरात, उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. "दादा, आधीचं व्हर्जन चालू करा, रांग हलू द्या," म्हटलं आणि लॉग मागवला.

९.४०. लॉगमध्ये कामाची एकच ओळ: नोसचमेथडएरर, बाइटबफर, फ्लिप. तिथल्या मशीनवर जावा ८ आहे. काट्याचा जुना ड्रायव्हर त्याच्या पुढे चालत नाही आणि भर हंगामात तो बदलायचा आग्रह कुणी धरूही नये. आमचा बिल्ड मात्र जावा १७ वर होतो.

१०.३०. क्लास फाइल जावापीने उघडली. मेजर व्हर्जन ५२, म्हणजे जावा ८ चंच. तिथे १७ चं ६१ असतं तर प्रोग्रॅम सुरूच झाला नसता. खोट आत होती. जावा ८ मध्ये फ्लिप ही मेथड बफर या मूळ क्लासकडून येते आणि बफरच परत करते. जावा ९ पासून बाइटबफरला स्वतःची फ्लिप मिळाली, ती बाइटबफर परत करते. कंपायलर क्लास फाइलमध्ये मेथडच्या नावासोबत तिचा परतीचा प्रकारही लिहितो. आमच्या फाइलमध्ये १७ ची नोंद पडली होती. जावा ८ ती शोधायला जातं, तेही पहिलं वजन वाचायच्या क्षणी, आणि तशी मेथड त्याच्याकडे नसतेच.

११.१५. बिल्डमध्ये सोर्स ८, टार्गेट ८. सोर्सने भाषा ठरते, टार्गेटने फाइलचा साचा. लायब्ररी मात्र बिल्ड मशीनवरचीच लागते. 'बूटस्ट्रॅप क्लास पाथ' दिलेला नाही, असा इशारा कंपायलर प्रत्येक बिल्डला देतच होता. असे इशारे नजरेआड करायची सवय मला धोक्याची वाटते.

दुपारी १२. त्या दोन ओळींच्या जागी रिलीज ८. २०१७ मध्ये जावा ९ बरोबर आलेली ही सोय कंपायलरला जावा ८ चा सार्वजनिक एपीआयच दाखवते, पुढचं काही दिसू देत नाही. फ्लिपची ओळ न बदलता दुरुस्त झाली. लगेच दोन नवे एरर आले: जावा ११ चं इझब्लँक आणि जावा ९ चं लिस्ट.ऑफ. हे दोन्ही एखाद्या रात्रपाळीत काट्यावरच फुटले असते. दोन्ही जागी जुनी, साधी रूपं घातली.

२.३०. रिलीज तपासतं तो आपला कोड. बाहेरून घेतलेल्या जार आपणच बघायच्या. एक ५५ ची, म्हणजे जावा ११ ची निघाली. फक्त महिनाअखेरच्या रिपोर्टला लागते, म्हणून अजून बोंब झाली नव्हती. तिची जावा ८ वर चालणारी आधीची आवृत्ती घेतली.

४. कंपाइल कुठल्याही जावावर करा, चाचणी मात्र काट्यावर चालणाऱ्या जावावरच हवी. बिल्ड सर्व्हरवर जावा ८ कायमचं बसवलं आणि काट्याकडून येतात तसे बाइट्स देऊन वजनापासून पावतीपर्यंत सगळं चालवलं.

५.४५. नवी जार पाठवली. थोड्या वेळाने फोन: "मॅडम, पावती निघाली. गाडीचं रिकामं वजनपण घेतलं."

६.१५. शेतकी ऑफिसच्या मॉड्यूलमध्येही तेच सोर्स-टार्गेट आहे. उद्या सकाळी आधी ते.