घाटमाथ्यावरचा कार्बोरेटर

तुंगार्लीच्या धरणाकडे जाणारा चढ जुन्या गाडीला घाम फोडतो, पण तिची खरी परीक्षा त्याआधीच बोरघाटात झालेली असते. खोपोलीहून लोणावळ्याला येताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास वर चढते. एक्स्प्रेस वे होण्यापूर्वी घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या कुणालाही नवीन नव्हत्या. रेडिएटरला पाणी आणि ‘एसी पंपा’वर ओलं फडकं, हा ठरलेला उपचार. या एसीचा गारव्याशी काही संबंध नाही. स्पार्कप्लगवाल्या अल्बर्ट चॅम्पियनची ती आद्याक्षरं. इंजिनाला चिकटलेला हा पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफच ढकलत बसतो आणि कार्बोरेटर उपाशी राहतो.

हे सगळं भोगलेल्या प्रदेशात कुणी इंजेक्शनची जुनी गाडी आणून तिला मुद्दाम कार्बोरेटर बसवावा, हे उलट्या दिशेने घाट चढण्यासारखं वाटेल. तरी माणसं ते करतात, कारण सुटे भाग मिळत नाहीत. १९६३ साली आलेल्या मर्सिडीझच्या २३० एसएलमध्ये सहा सिलिंडरना सहा दट्ट्यांचा यांत्रिक इंजेक्शन पंप आहे. घड्याळजीच्या हातचं वाटावं असं काम! तो बिघडला की उघडणारा माणूस शोधण्यातच वर्ष जातं. कार्बोरेटर मात्र अगदी आडगावचा मिस्त्रीही उघडतो, जेटमध्ये फुंकर मारतो, फ्लोट हलवून बघतो आणि परत बसवतो.

ही उलटी वाट नवी नाही. १९५८ साली अमेरिकेत क्रायस्लरने काही गाड्यांवर बेंडिक्सचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन दिलं. त्या काळातले इलेक्ट्रॉनिक भाग बॉनेटखालची धग सोसणारे नव्हते. जेमतेम पस्तीसेक गाड्या निघाल्या आणि बहुतेकींवर पुढे कार्बोरेटर चढले. बेंडिक्सची पेटंटं बॉशकडे गेली आणि १९६७ मध्ये त्याच कल्पनेवरचं डी-जेट्रॉनिक फोक्सवागनच्या गाडीत आलं. पुढे त्याचेही भाग दुर्मीळ झाले आणि त्याही गाड्यांवर हौशी लोकांनी कार्बोरेटर बसवले.

क्रायस्लरचं नाव आपल्याकडे परकं नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती याच कंपनीशी करार करून. त्याआधी बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम त्यांच्या कंपनीने केलं होतं. म्हणजे ज्या घाटाने पुढे त्यांच्या गाड्यांना दमवलं, तो त्यांनी आधी पोखरून ठेवला होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० निघाली आणि १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी मिस्त्रींचा हात तिच्याच कार्बोरेटरवर बसला.

पण इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवणं म्हणजे चार बोल्ट सोडून चार आवळणं नव्हे. पहिली अडचण पंपाची. डी-जेट्रॉनिकचा पंप सुमारे दोन बार दाब देतो, कार्बोरेटरच्या नीडल व्हॉल्व्हला त्याचा दहावा हिस्साही पुरतो. जुना पंप तसाच ठेवला तर व्हॉल्व्ह दाब रोखू शकत नाही, पेट्रोल ओसंडून वाहतं, आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो.

दुसरी अडचण मॅनिफोल्डची, आणि ती जास्त खोल आहे. इंजेक्शनच्या मॅनिफोल्डमधून नुसती हवा जाते, पेट्रोल व्हॉल्व्हच्या तोंडाशी फवारलं जातं. कार्बोरेटरचं मिश्रण मात्र ओलं असतं. नळी रुंद आणि थंड असली की पेट्रोल भिंतीवर साचतं, मग मिसिंग आणि मेलेलं पिकअप. म्हणून नळी बेताची आणि उबदार लागते. लोणावळ्याच्या पावसाळी धुक्यात सकाळी चोक ओढून बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

शिवाय कार्बोरेटरला हवेचा वेग कळतो, वजन कळत नाही. घाटमाथ्यावर हवा विरळ, म्हणून मुंबईत नीट लावलेलं मिश्रण इथे किंचित रिच होतं आणि प्लग काळे पडू लागतात. उलट वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल तेच मिश्रण लीन करतं. दोन्ही चुका एकमेकींना थोड्याफार सावरतात, पण त्याला ट्यूनिंग म्हणू नये! जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम मात्र इथेनॉल सहन करत नाहीत. ते आधी बदलावेत.

माझं मत सांगतो. निव्वळ कार्बोरेटरचा घशातला आवाज हवा म्हणून चालतं इंजेक्शन काढणं हा करंटेपणा आहे. कायदाही लक्षात घ्यावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. कार्बोरेटरची अदलाबदल त्यात मोडते का, यावर वाद घालता येईल. पण तो वाद आरटीओच्या दारात घालायची वेळ का आणावी?

इलाजच उरला नसेल तर मूळ मॅनिफोल्डला हात न लावता कार्बोरेटरसाठी वेगळा मिळवावा. काढलेला पंप, इंजेक्टर आणि वायरिंग चिठ्ठ्या लावून तेलाच्या कापडात गुंडाळून ठेवावं, आणि भंगारवाला गल्लीत ओरडत आला की त्या दिवशी घरीच थांबावं.