वावरातला अँड्रॉइड

दर्यापूर तालुका खारपाणपट्ट्यातला. इथली पऱ्हाटी, तूर, मूग आणि मागाहून पेरलेला हरभरा, सगळी भिस्त पावसावर. अशा मुलखात सातबाऱ्यावर पीक बरोबर चढले की नाही, याला फार महत्त्व. नुकसानभरपाई असो की हमीभावाची खरेदी, तीच नोंद कामी येते. 15 ऑगस्ट 2021पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पूर्वी तलाठ्याने करायची ही नोंद शेतकऱ्याच्या हाती आली. तिचे साधन म्हणजे बहुतेकांच्या खिशातला अँड्रॉइड फोन.

अँडी रुबिन आणि सहकाऱ्यांनी 2003मध्ये कॅलिफोर्नियात अँड्रॉइड कंपनी काढली. 2005मध्ये ती गूगलने घेतली आणि 2008मध्ये एचटीसीने बनवलेला पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. प्रणालीचा पाया लिनक्सचा आणि मूळ कोड खुला. त्यामुळे कोणत्याही कंपनीला तो घेऊन आपला फोन बनवता येतो. फोन स्वस्त झाले त्यात या खुलेपणाचा मोठा वाटा आहे. 2016मध्ये जिओ आल्यावर डेटाही परवडू लागला.

भाषेचा टप्पा त्याहून मोलाचा. 2014च्या अँड्रॉइड 5.0मध्ये मेनू मराठीत आला. 2017पासून गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून लिहिता येऊ लागले. टाइप करायला बिचकणारा माणूसही आता स्वतः संदेश धाडतो.

पीक पाहणीत या सगळ्याचा कस लागतो. वावरात उभे राहून अ‍ॅपवर गट क्रमांक निवडायचा. हंगाम, पीक, क्षेत्र आणि सिंचनाचे साधन भरायचे. मग उभ्या पिकाचा फोटो घ्यायचा. फोन उपग्रहांच्या संकेतांवरून अक्षांश-रेखांश काढतो आणि ते फोटोला जोडले जातात. या संकेतांना मोबाइलची रेंज लागत नाही, म्हणून पांदणीच्या टोकाच्या वावरातही जागा कळते.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप वेगळे कोंडलेले असते. एकाला दुसऱ्याची माहिती सहजी मिळत नाही. 2015च्या 6.0 आवृत्तीपासून कॅमेरा, लोकेशन, संपर्क यांची परवानगी अ‍ॅपला वापराच्या वेळी मागावी लागते. पण ‘हो’ म्हणणारे बोट आपलेच. सरकारी योजनेच्या किंवा गाडीच्या चलानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणारी, फाइल उघडून एसएमएस वाचायची परवानगी दिली, तर बँकेचा ओटीपी चोराच्या हाती जातो.

अँड्रॉइडचा खरा दोष अपडेटचा. प्रत्येक कंपनी प्रणालीत आपले बदल करते, त्यामुळे सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वस्त फोनपर्यंत उशिरा पोचतात. काहींना त्या मिळणे लवकरच बंद होते.

तेव्हा या दिवाळीत फोन घेताना कॅमेऱ्याआधी सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळतील ते दुकानदाराला विचारा. घरच्या वडीलधाऱ्यांचा फोन मराठीत करून द्या. अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या. आणि पीक पाहणीची मुदत संपण्याआधी आपल्या पिकाची नोंद स्वतः करा.