सत्य, मर्यादा, प्रेम : एका आदर्शाचा घरापर्यंतचा प्रवास

आदर्शांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. शाळेच्या भिंतीवर ते रंगवलेले असतात, सभांमधून ऐकू येतात आणि लग्नपत्रिकांवरही छापले जातात. तरीही बहुतेक आदर्श माणसाला स्पर्श न करता निघून जातात. मग काही मोजके आदर्श माणसाचे वागणे, घराचा कारभार आणि गावाची रीत बदलून कसे टाकतात? हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. तो माझ्या मामाच्या घरी पडला.

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, कन्हान नदीच्या काठी मौदा आहे. धानाचा हा पट्टा. मौदा आणि आसपासच्या गावांत फिरताना ‘परमात्मा एक’ ही अक्षरे आणि त्यांच्या जोडीला सत्य, मर्यादा, प्रेम हे तीन शब्द घरांच्या दर्शनी भागावर हमखास दिसतात. ही महानत्यागी बाबा जुमदेवजी यांच्या मार्गातील सेवकांची घरे. बाबा जुमदेव ठुब्रीकर (१९२१–१९९६) हे नागपुरातील गोळीबार चौक परिसरातले, विणकर कुटुंबातले. त्यांचा मार्ग नागपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत आणि लगतच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या काही भागांत पसरला. मौद्याला या मार्गाचा आश्रम आहे.

या मार्गाची मांडणी चार तत्त्वे, तीन शब्द आणि पाच नियम अशी आहे. एकाच भगवंताला मानणे, सत्य-मर्यादा-प्रेम पाळणे, वाईट व्यसने बंद करणे, कुटुंबात व सेवकांत एकता ठेवणे आणि कुटुंब मर्यादित ठेवणे, असा त्या पाच नियमांचा आशय सांगता येईल. अभ्यासकाने थांबावे अशी जागा म्हणजे व्यसनांचा नियम. त्यात ‘दुर्गुण टाळा’ असे मोघम सांगून भागवलेले नाही. दारू, सट्टा, जुगार, लॉटरी, पटाची होड, कोंबड्यांची काती, चोरी, खोटे बोलणे, राग अशी नावे घेऊन यादी केली आहे. पट म्हणजे बैलांची शर्यत, तर काती म्हणजे पायाला पाते बांधून लावलेली कोंबड्यांची झुंज. पूर्व विदर्भातल्या माणसाचा पैसा कुठून कुठे जातो, हे ज्याने जवळून पाहिले त्यालाच अशी यादी करता येते.

माझा मामा या यादीत जवळजवळ संपूर्ण सापडत असे. पटाच्या दिवसांत तो आठ-आठ दिवस घरी येत नसे. एका वर्षी होडीत हरून त्याने नांगराची बैलजोडी विकली आणि पेरणीला शेजाऱ्याचे बैल मागून आणले. मामीने माहेरची वाट धरली होती. अशा वेळी कुणीतरी या मार्गाचे नाव काढले. ठरलेल्या दिवसांचे कार्य झाले, हवन झाले आणि मामाने दारू सोडली. काही वर्षांनी मी त्याला विचारले, “मामा, कधी घ्यावीशी नाही वाटत?” तो म्हणाला, “वाटते ना. पण घरच्या साऱ्यांसमोर शब्द देल्ला, आता मांगं कसा सरकू?”

त्या उत्तराचा मी पुष्कळ विचार केला. इच्छा मेल्याचे मामा सांगत नव्हता. शब्द देताना साक्षीला माणसे होती, एवढेच त्याचे म्हणणे होते. माझ्या मते आदर्श माणसाला घडवतो तो तीन गोष्टी जुळल्यावर. पहिली, तो रोजच्या भाषेतल्या ठोस नियमात उतरला पाहिजे. दुसरी, तो एकट्याने नव्हे तर कुटुंबाने मिळून स्वीकारला पाहिजे. या मार्गात घर एकत्र येते, म्हणून पिणाऱ्याच्या जेवणाची आणि झोपेची जागाच बदलते. तिसरी, त्याची आठवण देणारी माणसे वारंवार भेटली पाहिजेत. सेवकांच्या चर्चा बैठकींतून हे काम होते. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळही अशाच बैठकींवर उभी आहे. आणि दूर कशाला जा? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या सर्वांसमक्ष उच्चारल्या गेल्या. दारू न पिणे, खोटे न बोलणे, चोरी न करणे त्यांतही आहे. दोन्हींचा विचार आणि हेतू वेगळा, पण जाहीर उच्चाराचे बळ दोन्हीकडे दिसते.

कायदा हे काम करू शकत नाही का? काही प्रमाणात करतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती लोकांच्या आंदोलनातून आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. पटाचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या आणि २०२३ मध्ये राज्यांचे त्यांना परवानगी देणारे कायदे वैध ठरवले. मामाचा पट मात्र या दोन्ही निकालांच्या कितीतरी आधी सुटला होता, आणि पट पुन्हा सुरू झाल्यावरही तो तिकडे फिरकला नाही. कायदा दुकान बंद करतो. ते उघडल्यावर आत जायचे की नाही, हे घरातल्या शब्दावर ठरते.

पण ही गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी राहील. एकच भगवंत मानायचा म्हटल्यावर मामाच्या घरातला देव्हारा निघाला. आजीचे पितळेचे देव कन्हानेत विसर्जित झाले. त्यात तिच्या सासूने दिलेली अन्नपूर्णा होती. आजी काही बोलली नाही. मुलगा सुधारतो आहे, यापुढे तिला बोलायचे तरी काय होते? मात्र पुढे कितीतरी दिवस ती पहाटे उठून त्या रिकाम्या कोनाड्याकडे तोंड करून बसे. आदर्श घर जोडतो तसा घरातल्या कुणाकडून तरी काहीतरी काढूनही घेतो, आणि ते बहुधा सर्वांत कमी बोलणाऱ्याकडून जाते. मर्यादा हा शब्द मग मला दोन्ही बाजूंनी दिसू लागला. आदर्श पाळणाऱ्याला मर्यादा हवी, तशी आदर्शालाही हवी. हिशेब मांडताना मामाची सुटलेली दारू आणि आजीचा रिकामा कोनाडा, दोन्ही मांडले पाहिजेत. मामीला विचारले तर ती पहिल्याच बाजूला कौल देईल आणि तिचा तो हक्क आहे.

आता तिसरी पिढी आली आहे. मौद्यात २३२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले, शेतीवरच्या हातांना दुसरी कामे मिळाली. मामाचा नातू या मार्गातच जन्मला. त्याने काहीच सोडले नाही, कारण त्याने काही धरलेच नव्हते. निवडलेला आदर्श आणि वारशाने आलेला आदर्श यांत हाच फरक असतो. परवा तो मोबाइलवर पैसे लावून क्रिकेटचा खेळ खेळत होता. मी हटकले, तर म्हणाला, “हे यादीत कुठे आहे?”

मामा शेजारीच बसला होता. त्याने शांतपणे विचारले, “हरला तर पैसे जाते ना?” पोरगा म्हणाला, “हो.” “मंग तो सट्टाच होय,” मामा म्हणाला, “अन् सट्टा यादीत आहे.”

पोराने मोबाइल खिशात घातला. त्याने खेळ कायमचा सोडला की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण यादी करणारा माणूस गेल्यावर ती यादी पुढच्या पिढीच्या भाषेत कुणीतरी वाचून दाखवावी लागते. त्या घरात ते काम मामा करतो. जोवर असा कुणी आहे, तोवर भिंतीवरचे तीन शब्द नुसते रंगवलेले राहणार नाहीत.