मनोऱ्याखालचे पाणी आणि ग्रीनलंडचा बर्फ

तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मल्लिपट्टणमजवळ, तिथले मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी १८१४ मध्ये नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून आठ मजली षट्कोनी इमारत बांधली. तमिळ मुलखात ती आजही 'मनोरा' याच नावाने ओळखली जाते. तिच्यासमोर पाल्क उपसागराचे उथळ पाणी पसरलेले आहे. या पाण्याची पातळी ज्या कारणांनी चढते, त्यांतले एक कारण तिथून सुमारे दहा हजार किलोमीटरवर, ग्रीनलंडच्या बर्फात आहे. तो बर्फ किती आहे आणि त्याचे वजन किती घटते आहे, हे कळण्याची सुरुवात स्कीवर चालत गेलेल्या माणसांपासून आणि त्यांच्या वाटाड्यांपासून झाली. उपग्रहांच्या काळातही ते काम संपलेले नाही. म्हणून वाटाड्यासह अनेक दिवस स्कीवरून केलेल्या आर्क्टिकमधल्या मोहिमेकडे निव्वळ साहस म्हणून पाहणे चूक आहे. ती मोजमापाची एक रीत आहे आणि तंजावर ज्यात वसले आहे त्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा तिच्या मापांशी थेट संबंध आहे.

ग्रीनलंडच्या आत काय आहे, हे १८८३ पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. किनाऱ्यावरचा बर्फ ओलांडला की आत हिरवळ लागेल, असे स्वीडनचे संशोधक नॉर्डेनशेल्ड यांना वाटत होते. त्या वर्षीच्या त्यांच्या मोहिमेत ओल्या हिमामुळे पुढे जाणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी लार्स टुओर्डा आणि अँडर्स रासा या दोन सामी माणसांना स्कीवर पुढे पाठवले. सामी हे उत्तर स्कँडिनेव्हियातले रेनडियर पाळणारे लोक. स्की त्यांच्या रोजच्या जगण्यातली. दोघे ५७ तासांनी परतले आणि म्हणाले, दोनशेहून अधिक किलोमीटर आत गेलो, हिरवळ कुठेच नाही, जिकडेतिकडे हिमच. इतक्या वेळात इतके अंतर कापता येईल यावर युरोपातल्या पंडितांचा विश्वास बसेना. मग १८८४ मध्ये स्वीडनमधल्या योकमोक इथे २२० किलोमीटरची स्की-शर्यत ठेवली गेली. टुओर्डा यांनी ती २१ तास २२ मिनिटांत जिंकली आणि त्यांची साक्ष मान्य करणे भाग पडले. १८८३ च्या या मोहिमेच्या बातमीवरून कल्पना सुचलेल्या फ्रिट्यॉफ नान्सेन या तरुण नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये सहा जणांची तुकडी घेऊन ग्रीनलंड पूर्वेकडून पश्चिमेकडे स्कीवर ओलांडले. सॅम्युएल बाल्टो आणि ओले राव्ना हे दोन सामी त्या तुकडीत होते. वाटेत त्यांनी सुमारे २,७०० मीटरची उंची गाठली, उणे ४५ अंशांच्या आसपासची थंडी सोसली आणि रोज हवेच्या दाबाच्या व तापमानाच्या नोंदी ठेवल्या. आतला भाग ढालीच्या पाठीसारखा फुगलेला आहे आणि सलग बर्फाखाली आहे, हे तेव्हा कायमचे सिद्ध झाले.

हे स्कीमुळेच का जमले, याचे उत्तर साध्या भौतिकशास्त्रात आहे. माणसाच्या दोन्ही पावलांचे क्षेत्रफळ साधारण पाचशे चौरस सेंटिमीटर भरते. पावणेदोन मीटर लांब आणि सात सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या पायाला बांधल्या, तर ते सुमारे अडीच हजारांवर जाते. वजन तेच राहते, पण हिमावरचा दाब एक पंचमांश होतो. त्यामुळे जिथे बूट गुडघ्यापर्यंत रुततो, तिथे स्की वर राहते. हिमाने झाकलेल्या अरुंद भेगाही तिच्या लांबीमुळे निभावून जातात. आजही ग्रीनलंडच्या पश्चिमेला कांगेर्लुसुआक आणि पूर्वेला इसोर्तोक यांच्यामधले साडेपाचशे किलोमीटरच्या घरातले अंतर वाटाड्यांच्या सोबतीने तुकड्या ओलांडतात. कमरेला बांधलेल्या स्लेजवर तंबू, इंधन आणि खाणे घेऊन जवळपास महिनाभर चालावे लागते. त्यासाठी तिथल्या सरकारचा परवाना लागतो आणि शोध व सुटकेच्या खर्चाचा विमाही काढावा लागतो. भेगांचा प्रदेश कुठे सुरू होतो, कोणत्या वाऱ्यात तंबूबाहेर पडायचे नाही, पायाखालचे हिम कोणत्या आवाजाने पोकळी सांगते, हे वाटाड्याला कळते. हे ज्ञान निरीक्षणातूनच आलेले असते आणि चुकले तर जीव जातो, इतकी त्याची परीक्षा कडक असते.

चालत जाण्याने विज्ञानाला नेमके काय मिळते, हे १९३० च्या जर्मन मोहिमेत दिसले. खंड सरकतात हे मांडणारे आल्फ्रेड वेगेनर तिचे प्रमुख होते. पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे चारशे किलोमीटर आत, तीन हजार मीटर उंचीवर, 'आइसमिटे' म्हणजे बर्फाचा मध्य, या नावाचे ठाणे त्यांनी उभारले. तिथे अर्न्स्ट झोर्गे यांनी हिमात सुमारे १५ मीटर खोल विवर खणले आणि प्रत्येक थरातला हिमाचा तुकडा मापून तोलला. वरचे हलके हिम खाली खाली दबत घट्ट कसे होत जाते, याचा जो नियम त्यातून निघाला, तो पुढे झोर्गे यांच्याच नावाने ओळखला गेला. त्याच मोहिमेने स्फोटांच्या लहरी वापरून तिथल्या बर्फाची जाडी अडीच किलोमीटरहून अधिक असल्याचे दाखवले. या कामाची किंमत मोठी होती. ठाण्यावर गेलेले वेगेनर १ नोव्हेंबर १९३० रोजी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, रास्मुस विलुमसेन या ग्रीनलंडच्या तरुण वाटाड्यासह परत निघाले. पुढच्या वसंतात वेगेनर यांचा मृतदेह हिमात नीट पुरलेला सापडला आणि जागा कळावी म्हणून त्यांच्या स्की तिथे उभ्या रोवलेल्या होत्या. हे करणारा विलुमसेन पुढे गेला, तो कधीच सापडला नाही. वेगेनर यांचे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. विलुमसेनचे नावही तिथे असायला हवे.

आता या बर्फाचा तंजावरशी संबंध पाहू. नान्सेन ग्रीनलंड ओलांडत होते त्याच वर्षी, १८८८ मध्ये, रॉबर्ट वुडवर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने एक गणित मांडले. मोठ्या हिमचादरीला प्रचंड वस्तुमान असते, म्हणून ती आजूबाजूच्या समुद्राचे पाणी स्वतःकडे ओढून धरते. ती वितळली की ही ओढ सैल होते आणि धरून ठेवलेले पाणी दूर निघून जाते. पुढे १९७६ मध्ये फॅरेल आणि क्लार्क यांनी हा हिशेब पूर्णत्वाला नेला. निष्कर्ष असा की ग्रीनलंडचा बर्फ वितळला, तर त्याच्याभोवती सुमारे दोन हजार किलोमीटरच्या आत समुद्र चढण्याऐवजी उतरतो आणि दूरच्या उष्ण कटिबंधात तो जगाच्या सरासरीपेक्षा जास्त चढतो. बादलीत पाणी ओतावे तशी पातळी सगळीकडे सारखी वाढेल, हा आपला समज चुकीचा आहे. म्हणजे ग्रीनलंडच्या बर्फाचा भार आइसलंडपेक्षा मल्लिपट्टणम आणि अदिरामपट्टणमच्या वाट्याला अधिक येतो. समुद्रावर तरंगणारा आर्क्टिकचा बर्फ वितळल्याने पातळी जवळजवळ बदलत नाही, कारण त्याचे वजन पाण्याने आधीच पेललेले असते. ग्रीनलंडचा बर्फ जमिनीवर आहे, हाच सगळा फरक आहे. २००२ पासून गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या ग्रेस मालिकेतल्या उपग्रहांच्या नोंदींनुसार तिथून दरवर्षी सरासरी सुमारे २७० अब्ज टन बर्फ घटतो आहे. ३६० अब्ज टन म्हणजे जगभर एक मिलिमीटर, या हिशेबाने तो वर्षाला पाऊण मिलिमीटर होतो.

पाऊण मिलिमीटर ऐकून कोणी म्हणेल, एवढ्याने काय होते? तंजावर शहर तर समुद्रसपाटीपासून पन्नास मीटरहून उंच आहे. शहर बुडणार नाही, हे खरेच. पण त्रिभुज प्रदेशाचे दुखणे बुडण्याच्या कितीतरी आधी विहिरीत सुरू होते. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. खारे पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असल्यामुळे समुद्रपातळीच्या वर जितके गोडे पाणी असेल, त्याच्या चाळीसपट गोडे पाणी खाली टिकते. हा गायबेन-हर्झबर्ग यांचा नियम. तो उलटा वाचला की धोका दिसतो. भूजलाची पातळी तीच राहून समुद्र एक सेंटिमीटर चढला, तर खाऱ्या पाण्याची सीमा तत्त्वतः सुमारे चाळीस सेंटिमीटर वर सरकते. भात पिकवणाऱ्या सपाट मुलखात ही सीमा किती वर आली, हे रोपाला माणसाच्या आधी कळते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. कावेरीच्या खोऱ्याची हानी मुख्यतः इथल्याच कारणांनी झाली आहे, असे जाणकार सांगतात. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाने गाळ अडवला. भूजलाचा बेसुमार उपसा झाला. शेपटाकडच्या शाखांत गोडे पाणी पोहोचेनासे झाले. मग दूरच्या बर्फाला दोष का द्यायचा? ही कारणे खरी आहेत आणि त्यांवर उपाय इथेच करायला हवेत. पण दोन कारणांत निवड करायची वेळ इथे नाही, कारण ती एकमेकांत मिळतात. गाळ न आल्याने जमीन वाढत नाही, उपशामुळे भूजल उतरते आणि त्याच वेळी समुद्र चढतो. शेतकऱ्याच्या विहिरीला या तिघांची बेरीज भोगावी लागते. बंधारा किती उंच हवा, बोअर किनाऱ्यापासून किती आत घ्यावी, हे ठरवताना बेरजेतला प्रत्येक आकडा लागतो. त्यांतला एक ग्रीनलंडहून येतो आणि तो आपल्या हाताबाहेरचा आहे, म्हणून तर तो अधिक अचूक माहीत असायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे सगळे उपग्रह मोजतात, तर चालत जायचे कशाला? उपग्रहांशिवाय आज हे विज्ञान उभेच राहणार नाही. मात्र ते काय मोजतात, हे नीट पाहिले पाहिजे. ग्रेस वस्तुमान मोजतो, पण त्याची नजर शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यावर पसरलेली असते. कोणती हिमनदी का खचली, हे त्यातून दिसत नाही. उंची मोजणारे उपग्रह बारकाईने पाहतात, पण पृष्ठभाग एक मीटर खाली गेला म्हणजे वजन किती गेले, हे त्यांना ठाऊक नसते. वाऱ्याने दाबलेले हिम घनमीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास भरते, पक्का बर्फ ९१७ किलो. दोन्हींत अडीच पटींहून अधिक फरक आहे. २०१२ च्या जुलैमध्ये ग्रीनलंडच्या जवळजवळ सगळ्या पृष्ठभागावर वितळण झाली आणि ते पाणी पुन्हा गोठून हिमात कठीण थर तयार झाले. एरवी भुसभुशीत हिमात थोडी शिरणारी क्रायोसॅट-२ उपग्रहाची रडारलहर या थरांवरून वरच्यावर परतू लागली आणि आतला प्रदेश सुमारे अर्धा मीटर उंचावल्यासारखा दिसला. प्रत्यक्षात तेवढे हिम पडलेच नव्हते. अशा वेळी खरे काय ते हिमात खड्डा खणून, थर बोटाने चाचपून, मापाची डबी भरून तोलल्यावरच पक्के होते. झोर्गे यांनी विवरात केले तेच हे काम. आज संशोधक बहुधा यांत्रिक वाहनांनी जातात, पण ठाणी मोजकी आहेत आणि त्यांच्यामधला प्रदेश अफाट. स्कीवरची तुकडी नेमकी त्या प्रदेशातून, सावकाश, रोज नव्या जागी मुक्काम करत जाते.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. हौशी लोक विमानाने आर्क्टिकला जाणार, हवेत कार्बन सोडणार आणि त्याला विज्ञान म्हणणार, हे योग्य आहे का? नुसत्या हौसेला विज्ञानाचे लेबल लावणे योग्य नाहीच. पण या आक्षेपातूनच उपायही निघतो. रोज मुक्कामाच्या जागी एक खड्डा, घनतेची काही मापे, तापमानाची नोंद आणि बाटलीभर नमुना एवढे काम ठरलेल्या पद्धतीने करणे ही परवान्याची अट होऊ शकते. त्याला भारी यंत्र लागत नाही. वजनकाटा, तापमापक आणि शिस्त पुरते. आणि नोंदवहीवर वाटाड्याचे नाव सहनिरीक्षक म्हणून असले पाहिजे, कारण टुओर्डा यांच्यावर अविश्वास दाखवून युरोपने जे शिकायला उशीर केला, ते पुन्हा घडायला नको.

भारताला हे काम परके नाही. गोव्यात वास्को इथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली आर्क्टिकमधल्या स्वालबार्डमध्ये नी-ऑलेसुंड इथे 'हिमाद्री' हे भारतीय ठाणे १ जुलै २००८ पासून चालू आहे. २०२२ मध्ये देशाचे आर्क्टिक धोरणही जाहीर झाले. तंजावरलाही दूरचे जग परके नव्हते. सरफोजीराजांनी 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक लिहिले, त्यात जगाचा भूगोल सांगण्याचे काम त्यांनी एका भटक्या, भविष्य सांगणाऱ्या स्त्रीकडे दिले आहे. वाटा तुडवणाऱ्याला जग कळते, हे त्या दरबाराने दोनशे वर्षांपूर्वी ओळखले होते. आता करायचे ते स्पष्ट आहे. त्रिभुज प्रदेशातल्या महाविद्यालयांनी किनाऱ्यावरच्या विहिरींचा खारेपणा वर्षानुवर्षे, न चुकता मोजावा. आपल्या ध्रुवीय मोहिमांनी बर्फावरची पायी केलेली मोजमापे वाढवावीत. आणि दोन्ही वह्या एकत्र वाचल्या जाव्यात. मनोऱ्याखालच्या पाण्याचा हिशेब या दोन्ही टोकांना मांडला, तरच पूर्ण होईल.